जुना लिनक्स कॉम्प्युटर मधेच हँग होतो? ड्रायव्हर बदलण्याआधी आणि बदलताना काय करायचं

दहा-पंधरा वर्षांपूर्वी घेतलेला डेस्कटॉप, आत कोअर टू ड्युओ किंवा दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा आय३, चार जीबी रॅम आणि जीफोर्स २१० किंवा जीटी ६१०सारखं छोटं कार्ड. असे कॉम्प्युटर नागपुरात आजही अनेक घरांत चालू आहेत. ऑक्टोबर २०२५मध्ये विंडोज १०चा आधार संपला आणि त्यातल्या बऱ्याच मशीनवर मिंट किंवा उबंटू हे लिनक्सचे प्रकार आले. पहिले काही दिवस सगळं छान चालतं. मग एखाद्या संध्याकाळी व्हिडिओ चालू असताना चित्र जागच्या जागी थांबतं, माउस हलत नाही, आवाजाचा अर्धा सेकंद तसाच घुमत राहतो आणि शेवटी बटण दाबून मशीन बंद करावी लागते.

दोष ग्राफिक्स ड्रायव्हरचाच, असं गृहीत धरून लोक लगेच ड्रायव्हर काढायला आणि टाकायला बसतात. दोन-तीन प्रयोगांनंतर काय बदललं आणि काय नाही हे कुणालाच आठवत नाही. म्हणून आधी पुरावा, मग उपाय, आणि एका वेळी एकच बदल. हा लेख त्याच क्रमाने जातो.

वाचण्याआधी एक सूचना. इथे आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. वेगळं सांगितलं नसेल तर सगळी अक्षरं छोटी.

नेमकं काय अटकलं आहे?

स्क्रीन थांबली म्हणजे अख्खी मशीन थांबली असं नाही. हँग झाल्यावर लगेच पॉवर बटण दाबू नका, दोन मिनिटं द्या आणि या गोष्टी पाहा.

कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. दिवा लागत-विझत असेल तर कर्नल (लिनक्सचा गाभा) बहुधा जिवंत आहे, अटकलंय ते वरचं चित्र. दिवा हलतच नसेल तर दोष खोल आहे. मग कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काळ्या पडद्यावर लॉगिनची ओळ आली तर ड्रायव्हरचा मोड बदलणारा भाग अजून काम करतोय आणि डेस्कटॉप किंवा त्रिमितीचा भाग पडलाय. तिथून लॉगिन करून

सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट डिस्प्ले-मॅनेजर

ही आज्ञा दिली की पुन्हा लॉगिनचा पडदा येतो. उघडलेली कामं जातात, पण डिस्क सुरक्षित राहते.

कॅबिनेटवरचा डिस्कचा लाल दिवाही बघा. तो अखंड जळत असेल आणि माउस दहा-वीस सेकंदांनी एकदा उडी मारत असेल, तर ग्राफिक्सला दोष देऊ नका. रॅम संपली आहे आणि मशीन स्वॅपमध्ये (रॅमऐवजी वापरल्या जाणाऱ्या डिस्कवरच्या जागेत) बुडाली आहे. चार जीबीच्या कॉम्प्युटरवर ब्राउझरच्या पंधरा टॅब उघडल्या की हे व्हायचंच. अशा ठिकाणी अर्लीऊम (स्पेलिंग ई-ए-आर-एल-वाय-ओ-ओ-एम) हे पॅकेज टाकलं तर रॅम पूर्ण संपायच्या आधीच सगळ्यात जड प्रोग्राम बंद होतो आणि मशीन मोकळी राहते. जुन्या मशीनवरचे बरेच 'ड्रायव्हरचे' हँग याच जातीचे असतात.

तिसरी आणि सगळ्यात उपयोगी चाचणी मोबाइलवरून होते. मशीन चांगली चालू असताना ओपनएसएसएच-सर्व्हर हे पॅकेज टाका, 'होस्टनेम -आय' (आय कॅपिटल) या आज्ञेने घरच्या नेटवर्कवरचा पत्ता लिहून ठेवा आणि फोनवर टर्मक्ससारखं ॲप घ्या. हँग होण्याची वेळ साधारण माहीत असेल तर आधीच फोनवरून मशीनमध्ये शिरा आणि

सुडो डीमेसेज -डब्ल्यू

चालू ठेवा. (आज्ञेचं इंग्रजी स्पेलिंग डी-एम-ई-एस-जी असं आहे.) मशीन मेली तरी तिचे शेवटचे शब्द फोनच्या पडद्यावर राहतात.

पॉवर बटण दाबायच्या आधी

चालू मशीनची वीज तोडली की फाइल सिस्टिम अर्धवट राहते. जुन्या हार्ड डिस्कला हे वारंवार सोसत नाही. कर्नलमध्ये यासाठी वेगळी वाट ठेवलेली आहे. ऑल्ट आणि सिसआरक्यू (म्हणजे प्रिंट स्क्रीनचं बटण) धरून ठेवायचं आणि एकेक अक्षर दोन-तीन सेकंदांच्या अंतराने दाबायचं: आर, ई, आय, एस, यू, बी. आर कीबोर्ड ग्राफिक्सच्या ताब्यातून सोडवतो, ई प्रोग्रामना नीट बंद व्हायला सांगतो, आय उरलेल्यांना मारतो, एस डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहून टाकतो, यू डिस्क फक्त वाचण्यापुरती ठेवतो आणि बी मशीन पुन्हा सुरू करतो.

उबंटू आणि त्यावर उभ्या मिंटमध्ये यातली फक्त शेवटची तीन अक्षरं चालतात. तिथे या सोयीचा आकडा १७६ ठेवलेला असतो आणि १७६ म्हणजे १२८, ३२ आणि १६ यांची बेरीज, अर्थात पुन्हा सुरू करणं, डिस्क फक्त-वाचनावर आणणं आणि साठा लिहून टाकणं. तेवढ्यावर काम भागतं. सगळी अक्षरं हवी असतील तर /ईटीसी/सिससीटीएल.डी/ या फोल्डरमधल्या १०-मॅजिक-सिसआरक्यू.कॉन्फ या फाइलमध्ये १७६च्या जागी १ लिहा. मग एक जास्तीचं अक्षरही हाताशी येतं, एफ. ते सर्वाधिक रॅम खाणाऱ्या प्रोग्रामला मारतं. एफ दाबल्यावर मशीन मोकळी झाली तर दोष रॅमचा, ग्राफिक्सचा नाही. निदानाचं इतकं स्वस्त साधन दुसरं नाही.

या बटणांनाही मशीन बधली नाही तर कर्नलच गोठला आहे. मग चार-पाच सेकंद पॉवर बटण दाबून धरण्यावाचून इलाज नाही.

नोंदी वाचा

मशीन पुन्हा सुरू झाली की मागच्या वेळेच्या कर्नलच्या नोंदी बघायच्या:

सुडो जर्नलसीटीएल -के -बी -१

एंड बटण दाबून तळाशी जा. मागच्या वेळेच्या नोंदीच नाहीत असं उत्तर आलं, तर नोंदी डिस्कवर ठेवल्याच जात नाहीत. /व्हार/लॉग/जर्नल हा फोल्डर बनवा आणि सिस्टमडी-जर्नलडी ही सेवा पुन्हा सुरू करा.

इथे एक खाच आहे. जर्नल दर क्षणाला डिस्कवर जात नाही, साधारण नोंदी पाच मिनिटांनी एकदा पक्क्या होतात. अगदी गंभीर दर्जाच्या नोंदी तेवढ्या लगेच उतरतात. म्हणजे कर्नल क्षणात गोठला तर नेमक्या हव्या त्या ओळी हरवतात आणि 'नोंदीत तर काहीच नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. निदान चालू असेपर्यंत /ईटीसी/सिस्टमडी/जर्नलडी.कॉन्फ या फाइलमध्ये सिंकइंटरव्हलसेक=१०एस असं लिहा. सिंकचा एस, इंटरव्हलचा आय आणि सेकचा एस, ही तीन अक्षरं कॅपिटल. काम झालं की ओळ काढून टाका, उगाच डिस्क झिजवू नका.

आता ओळी कशा ओळखायच्या. इंटेलच्या ग्राफिक्समध्ये आय९१५ या नावाशेजारी 'जीपीयू हँग' आणि 'रीसेटिंग' असे शब्द येतात. तिथेच /सिस/क्लास/डीआरएम/कार्ड०/एरर या फाइलमध्ये पडझडीचा तपशील साठवल्याचं लिहिलेलं असतं. रेडिऑनमध्ये 'रिंग ० स्टॉल्ड फॉर मोअर दॅन' आणि पुढे दहा हजारांच्या वर मिलिसेकंद, मग 'जीपीयू लॉकअप'. नूव्हो (एनव्हिडियाच्या कार्डांसाठीचा खुला ड्रायव्हर, स्पेलिंग एन-ओ-यू-व्ही-ई-ए-यू) ड्रायव्हरमध्ये फिफो, स्केड एरर (एस-सी-एच-ई-डी), 'फेल्ड टू आयडल चॅनल' असे शब्द. एनव्हिडियाच्या स्वतःच्या ड्रायव्हरमध्ये एनव्हीआरएम आणि एक्सआयडी, पुढे आकडा. एक्सआयडी १३ आणि ३१ बहुतेकदा प्रोग्राम किंवा ड्रायव्हरकडे बोट दाखवतात. ७९ म्हणजे कार्ड बसवरूनच नाहीसं झालं, तिथे स्लॉट, वीजपुरवठा आणि उष्णता आधी तपासायची.

आणि 'एटीए१', 'एक्सेप्शन', 'फेल्ड कमांड' अशा ओळी दिसल्या तर ग्राफिक्स सोडा. डिस्क किंवा तिची साटा केबल अडखळते आहे. केबल बदला, स्मार्टमॉनटूल्स टाकून डिस्कचा अहवाल काढा. त्यात 'करंट पेंडिंग सेक्टर'पुढे शून्याऐवजी दुसरा आकडा असेल तर त्याच दिवशी घरच्या फोटोंची प्रत काढून घ्या.

आपल्या गावचा उन्हाळा आणि धूळ

नोंदीत काहीच सापडत नसेल आणि हँग एप्रिल ते जूनमध्ये वाढत असेल, तर ड्रायव्हरला हात लावण्याआधी कॅबिनेट उघडा. हिशेब सरळ आहे. चिपचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक चिपने स्वतः निर्माण केलेली वाढ. जानेवारीत खोली २२ अंशांवर असताना ७५ अंशांवर चालणारं कार्ड मेमध्ये ४२ अंशांच्या खोलीत ९५च्या आसपास जातं, तेसुद्धा धूळ तेवढीच असेल तर. नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो आणि दुपारी वरच्या मजल्यावरची खोली तापून निघते.

एलएम-सेन्सर्स हे पॅकेज टाका, एकदा 'सुडो सेन्सर्स-डिटेक्ट' चालवा आणि मग 'वॉच सेन्सर्स' चालू ठेवून व्हिडिओ लावा. हँग होण्याआधी आकडा ९०च्या वर चढत असेल तर उत्तर मिळालं.

कूलरसमोर कॅबिनेट ठेवू नका. कूलरची हवा गार असली तरी ओली असते, आणि ओल्या हवेतली धूळ हीटसिंकच्या पात्यांमध्ये सुटी बसत नाही, नमद्यासारखी घट्ट चिकटते. फुंकर मारून ती निघत नाही. मशीन बंद करा, वायर काढा, पॉवर बटण एकदा दाबून उरलेला भार जाऊ द्या, धातूच्या कॅबिनेटला हात लावा आणि मग कार्ड स्लॉटमधून काढा. पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर ब्लोअरच्या हवेने तो भन्नाट फिरतो आणि त्याचे बेअरिंग जातात. पात्यांमधून कोरडा रंगाचा ब्रश फिरवा. जीटी ६१०सारख्या कार्डांवरचा छोटा पंखा बोटाने ढकलल्यावर दोन-चार फेऱ्या सहज फिरला पाहिजे. अडत-अडत थांबत असेल तर तो बदला.

हीटसिंक मागच्या बाजूने प्लास्टिकच्या स्प्रिंगवाल्या पिनांनी अडकवलेलं असतं. पिनेची टोकं पकडीने अलगद दाबली की ते सुटतं. खालची जुनी पेस्ट खडूसारखी कोरडी झालेली दिसेल. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापडाने दोन्ही पृष्ठभाग चकचकीत करा आणि कार्डाच्या छोट्या चिपवर तांदळाच्या दाण्याएवढी नवी पेस्ट ठेवा. मुख्य प्रोसेसरवर मटाराच्या लहान दाण्याएवढी. जास्त लावली तर फायदा नाही, कडेने ओघळते. पेस्टची लहान ट्यूब आणि अल्कोहोल नागपूरच्या बर्डीवर कॉम्प्युटरच्या दुकानांत मिळतं.

कार्डाच्या सोनेरी पट्ट्या आणि रॅमच्या पट्ट्या पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा, बुरा ब्रशने झाडा आणि घट्ट परत बसवा. रॅमची खरी परीक्षा मात्र मेमटेस्ट८६+ने घ्या, किमान दोन पूर्ण फेऱ्या, शक्यतो रात्रभर. यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेलं फर्मवेअर) असलेल्या मशीनवर ६.०० किंवा त्यापुढची आवृत्ती लागते. एकही चूक चालत नाही. मदरबोर्डवरचं ग्राफिक्स मुख्य रॅममधूनच आपला वाटा घेतं, त्यामुळे रॅमचा बिघाड हुबेहूब ग्राफिक्सच्या बिघाडासारखा दिसतो.

राहिला एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा. व्हिडिओ चालू असताना वोल्टमीटरने मोलेक्स (चार तारांच्या) कनेक्टरवर मोजा. पिवळी-काळी तार ११.४ ते १२.६ व्होल्टच्या आत, लाल-काळी ४.७५ ते ५.२५च्या आत हवी. कूलर किंवा पाण्याचा पंप सुरू होताना मशीन हँग होत असेल तर त्याच क्षणी आकडा पाहा. डोकं फुगलेले कपॅसिटर मदरबोर्डवर किंवा कार्डावर दिसले तर कोणताही ड्रायव्हर त्यावर औषध नाही.

कार्ड नेमकं कोणतं?

डब्यावर काय लिहिलं होतं ते सोडा, मशीनला विचारा:

एलएसपीसीआय -एनएनके

'व्हीजीए' लिहिलेली नोंद शोधा. तिच्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज'पुढे आत्ता चालू असलेला ड्रायव्हर असतो. ही ओळच नसेल तर कुठलाच ड्रायव्हर लागलेला नाही. मग 'कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन' चालवून बघा, त्यात नोमोडसेट हा शब्द राहून गेलेला असण्याची शक्यता मोठी आहे.

या शब्दाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. नोमोडसेट ग्राफिक्स ड्रायव्हरला बाजूला ठेवतो आणि चित्र फर्मवेअरने दिलेल्या साध्या पडद्यावर काढतो. काळा पडदा ओलांडून मशीन एकदा सुरू करायला तो उत्तम. मिंटच्या इन्स्टॉलरमधला कॉम्पॅटिबिलिटी मोड हेच करतो. पण तो शब्द कायमचा ठेवला तर सगळं चित्र प्रोसेसर काढतो, रिझोल्यूशन अडकतं, यूट्यूब धापा टाकतं. चाचणी म्हणून मात्र तो अमूल्य आहे: नोमोडसेट लावून तीन दिवस एकदाही हँग नाही, म्हणजे संशय ग्राफिक्सवर पक्का. लावूनही हँग, म्हणजे रॅम, वीज, उष्णता, डिस्क.

असे शब्द लावायची रीत अशी. मशीन सुरू होताना शिफ्ट धरा (यूईएफआय असेल तर एस्केप दाबा), ग्रबच्या (मशीन सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीत पहिल्या ओळीवर ई दाबा, लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी जागा सोडून शब्द लिहा, एफ१० दाबा. हा बदल एकाच वेळेपुरता असतो, चुकलं तर पुन्हा सुरू केल्यावर सगळं पूर्ववत. उपयोग झाला तरच /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब या फाइलमध्ये 'क्वाएट स्प्लॅश'शेजारी तो घाला आणि 'सुडो अपडेट-ग्रब' चालवा.

इंटेलचं ग्राफिक्स

सुदैवाने हा सर्वांत सोपा वर्ग आहे. पहिली शंका एक्सच्या (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या एक्सऑर्ग या प्रोग्रामच्या) जुन्या ड्रायव्हरची. /व्हार/लॉग/एक्सऑर्ग.०.लॉग (एक्सऑर्गचा एक्स कॅपिटल) या फाइलमध्ये ओळींच्या सुरुवातीला इंटेल(०) दिसतंय की मोडसेट(०) हे बघा. इंटेल(०) असेल तर

सुडो एपीटी रिमूव्ह एक्ससर्व्हर-एक्सऑर्ग-व्हिडिओ-इंटेल

चालवा. सोबत शेवटी 'ऑल' असलेलं पॅकेजही काढतोय असं तो सांगेल. घाबरू नका, ती फक्त यादी असते, बाकीचे ड्रायव्हर जागेवर राहतात. पुन्हा सुरू केल्यावर मशीन आपोआप मोडसेटिंग या सर्वसाधारण ड्रायव्हरवर जाते. यानेच पुष्कळ हँग थांबतात, शिवाय पडदा फाटल्यासारखा दिसणंही बहुतेकदा कमी होतं.

मार्च २०२२मध्ये आलेल्या मेसा २२.०पासून (मेसा म्हणजे लिनक्सवरचा त्रिमिती ड्रायव्हरांचा संच) जुने आय९६५सारखे ड्रायव्हर काढून टाकले गेले आणि चौथ्या ते सातव्या पिढीच्या इंटेल ग्राफिक्ससाठी त्यांची जागा क्रोकस या नव्या ड्रायव्हरने घेतली. (ही पिढी ग्राफिक्सची, प्रोसेसरच्या नावातली नव्हे. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या पिढीचे आय३ आणि आय५ याच वर्गात येतात.) उबंटू २२.०४ आणि मिंट २१वर तो आहेच. 'जीएलएक्सइन्फो -बी' (बी कॅपिटल, पॅकेज मेसा-युटिल्स) चालवून कोणता ड्रायव्हर लागलाय ते दिसतं. तिथे एलएलव्हीएमपाइप हे नाव दिसलं तर ग्राफिक्स चिप वापरलीच जात नाही.

सेलेरॉन जे१८००, जे१९००, एन२८३० अशा बे ट्रेल मशीनचा आजार वेगळा. तिथे प्रोसेसर खोल झोपेत जाताना अख्खी मशीन गोठते, नोंदीत एक ओळही उरत नाही, आणि लोक महिनोन्महिने ग्राफिक्सला दोष देतात. उपाय एकच शब्द:

इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१

वीज थोडी जास्त जाते, मशीन थोडी गरम राहते. नव्या कर्नलमध्ये सुधारणा झाल्या आहेत, तरी आपल्या मशीनवर हा शब्द लावून आणि काढून स्वतः खात्री करा.

लॅपटॉपवर पडदा मधूनच थिजत असेल तर आय९१५.एनेबल_पीएसआर=० आणि तो पुरेसा नसेल तर आय९१५.एनेबल_एफबीसी=० वेगवेगळे तपासा. डेस्कटॉपच्या मॉनिटरला पहिल्या शब्दाचा संबंध नाही. जुन्या लेखांत आय९१५.एनेबल_आरसी६=० हा रामबाण म्हणून सापडतो. कर्नल ४.१६पासून तो पर्यायच राहिलेला नाही, लावून काही होत नाही.

एनव्हिडिया: खरी डोकेदुखी

आपल्याकडच्या जुन्या मशीनमध्ये हीच कार्डं जास्त. त्यांचं वय आणि ड्रायव्हरची शाखा जुळली पाहिजे. जीफोर्स ८, ९, २०० आणि ३०० मालिकेला, म्हणजे २१०लासुद्धा, ३४० ही शाखा. फर्मी पिढीला, म्हणजे जीटी ४३०, जीटी ६१० वगैरेंना ३९०. केप्लर पिढीला, म्हणजे जीटी ७१०ला, ४७०. जीटी ७३० दोन्ही प्रकारांत विकलं गेलंय: एलएसपीसीआयमध्ये जीएफ१०८ दिसलं तर फर्मी आणि ३९०, जीके२०८ दिसलं तर केप्लर आणि ४७०. डब्यावरून हे कळत नाही, आणि चुकीची शाखा टाकली तर काळा पडदा ठरलेला.

या तिन्ही शाखांना आता कंपनीकडून दुरुस्त्या मिळत नाहीत. ३४० शाखा २०१९च्या अखेरीस थांबली, ३९० शाखा २०२२च्या अखेरीस, ४७० शाखा २०२४मध्ये. कर्नल मात्र पुढे जात राहतो. त्यामुळे कंपनीचा बंद (म्हणजे मूळ कोड खुला नसलेला) ड्रायव्हर वापरायचा तर कर्नलही जुना धरून ठेवावा लागतो. जीटी ६१०सारख्या कार्डासाठी मिंट २१ किंवा उबंटू २२.०४, त्याचा मूळ ५.१५ कर्नल आणि ३९० शाखा ही जोडी आमच्या मते आजही सर्वांत भरवशाची. या दोन्ही आवृत्त्यांना एप्रिल २०२७पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळतात.

टाकताना मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून किंवा 'उबंटू-ड्रायव्हर्स डिव्हाइसेस'ने सुचवलेलं पॅकेजच घ्या. कंपनीच्या साइटवरून रन फाइल उतरवून टाकू नका. पुढच्या कर्नल अपडेटला ती तुटते आणि पॅकेज व्यवस्थापकाला तिची खबरही नसते. टाकून झाल्यावर 'डीकेएमएस स्टेटस' चालवा. ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा तुकडा, म्हणजे मॉड्यूल, बनला का हे त्यात दिसतं. चालू कर्नलच्या नावापुढे 'इन्स्टॉल्ड' हवं. 'ॲडेड' एवढंच असेल तर मॉड्यूल बनलंच नाही. एकतर त्या कर्नलची लिनक्स-हेडर्स पॅकेजं नाहीत, किंवा कर्नल शाखेपेक्षा फार नवा आहे. बायोसमध्ये सिक्युअर बूट चालू असेल तर बनलेलं मॉड्यूलही, त्याची डिजिटल सही मान्य केलेली नसेल तर, लागत नाही.

जीफोर्स २१०च्या मालकांनी ३४०चा नाद सोडावा. नव्या कर्नलवर ती शाखा जोडजोड करून बसवण्यात जाणारा वेळ त्या कार्डाच्या लायकीपेक्षा जास्त आहे. त्याऐवजी कर्नलमधला खुला नूव्हो ड्रायव्हर घ्या आणि त्याचे हँग कमी करा.

बंद ड्रायव्हर आधी टाकलेला असेल तर 'सुडो एपीटी पर्ज' देऊन एनव्हिडियाची सगळी पॅकेजं काढा आणि /ईटीसी/मॉडप्रोब.डी/ या फोल्डरमध्ये 'ब्लॅकलिस्ट नूव्हो' लिहिलेली फाइल उरली आहे का ते हाताने तपासा. ही एक ओळ मागे राहिली तर नूव्हो लागत नाही आणि मशीन १०२४ बाय ७६८वर अडकून बसते. फाइल काढल्यावर 'सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू' विसरू नका.

मग नूव्होची औषधं, सौम्य ते कडक या क्रमाने. आधी ब्राउझरमधलं हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करा. फायरफॉक्समध्ये सेटिंग्ज, जनरल, परफॉर्मन्स इथे शिफारशीच्या सेटिंगची खूण काढली की तो पर्याय दिसतो. क्रोममध्ये सेटिंग्ज, सिस्टिम. नूव्होवर ब्राउझर हाच हँगचा मोठा उगम असतो, कारण तो एकाच वेळी अनेक धाग्यांतून कार्डाकडे काम पाठवतो. दुसरं, डेस्कटॉप हलका करा: सिनॅमनऐवजी एक्सएफसीई, आणि त्यातही विंडो मॅनेजर ट्वीक्समध्ये कंपोझिटर बंद. तिसरं, ग्रबमध्ये नूव्हो.कॉन्फिग=एनव्हीएमएसआय=०, यात एनव्हीमधला एन आणि एमएसआयची तिन्ही अक्षरं कॅपिटल, व्ही छोटा. याने कार्ड इंटरप्ट पाठवायची जुनी पद्धत वापरतं आणि काही मदरबोर्डवर हँग पूर्ण थांबतात. शेवटचं, नूव्हो.नोॲक्सेल=१ (एन-ओ-ए-सी-सी-ई-एल). याने प्रवेग (हार्डवेअर ॲक्सिलरेशन) जातो पण योग्य रिझोल्यूशन टिकतं. ज्या घरात मशीन फक्त बँकेचं काम, पत्रं आणि मुलांचा अभ्यास यासाठी आहे, तिथे हा तोडगा कायमचा ठेवायलाही हरकत नाही.

एक्सआयडी ७९ येत असेल तर कार्ड काढून-साफ करून बसवल्यानंतरच पीसीआयई_एएसपीएम=ऑफ वापरून बघा.

एएमडी आणि एटीआय

एचडी ५४५० किंवा ६४५० असेल तर रेडिऑन हाच एकमेव ड्रायव्हर, निवड करायचीच नाही. डेबियनवर फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स हे पॅकेज आहे ना ते बघा, त्याशिवाय चित्र येतं पण प्रवेग नाही. हँग होत असेल तर रेडिऑन.डीपीएम=० लावून घड्याळाचा वेग स्थिर ठेवा. एचडी ७७५० किंवा आर७ २४०सारख्या कार्डांवर रेडिऑन.एसआय_सपोर्ट=० आणि एएमडीजीपीयू.एसआय_सपोर्ट=१ हे दोन्ही एकत्र लावून नवा ड्रायव्हर तपासता येतो. एका वेळी एक बदल या नियमाला हा एवढाच अपवाद.

कर्नल मागे-पुढे करून बघणं

अपडेटनंतर हँग सुरू झाले असतील तर सगळ्यात आधी हेच करायला हवं. ग्रबमध्ये 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघडा आणि आधीचा कर्नल निवडा. मिंटमध्ये अपडेट मॅनेजरच्या व्ह्यू मेनूत लिनक्स कर्नल्स अशी खिडकी आहे, तिथून ५.१५ किंवा नवी मालिका टाकता येते. चांगला चालणारा एक कर्नल कायम राखून ठेवा, जागा मोकळी करण्याच्या नादात तो उडवू नका. लॉगिनच्या पडद्यावर चाकाच्या खुणेत एक्सऑर्गचं सत्र निवडायची सोय असेल तर जुन्या कार्डावर वेलँडऐवजी (एक्सऑर्गच्या जागी आलेल्या नव्या व्यवस्थेऐवजी) तेही दोन दिवस वापरून बघा.

बरं झालं हे कधी म्हणायचं?

एक वही ठेवा. तारीख, वेळ, हँगच्या वेळी काय चालू होतं, तापमान, कर्नल ('युनेम -आर'), लावलेला शब्द. हँग सरासरी दर दोन दिवसांनी होत असेल तर बदलानंतर किमान सहा दिवस तीच कामं करून एकही हँग झाला नाही, तेव्हाच बदल लागू पडला असं धरा. तिप्पट वेळ का? कारण यदृच्छेने होणारा हँग केवळ नशिबाने तेवढा वेळ टळण्याची शक्यता सुमारे पाच टक्केच उरते. एका शांत संध्याकाळीवर विश्वास ठेवून पुढचा बदल केला की सगळी वही वाया जाते.

हे सगळं करूनही कार्डच दगा देत असेल तर ते काढून मदरबोर्डच्या ग्राफिक्सवर मशीन चालवा. मॉनिटरची केबल मागच्या बाजूला मदरबोर्डच्या वरच्या पोर्टला लावायची, आणि चित्र आलं नाही तर बायोसमध्ये प्राथमिक डिस्प्ले ऑनबोर्ड करायचा. दुसऱ्या पिढीच्या आय३पासून पुढचं ऑनबोर्ड ग्राफिक्स रोजच्या कामाला जीफोर्स २१०पेक्षा कमी पडत नाही, ड्रायव्हर कर्नलसोबत येतो, आणि कॅबिनेटमधला एक पंखा आणि बरीच उष्णता कमी होते.